नव्या लंगड्या घोड्यास बिननाली कळपात रुळविणे

नागपूरच्या सदर बाजारात आणि छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एकेकाळी टांग्याच्या घोड्यांची टाप दिवसभर ऐकू येत असे. टांग्यांचा तो काळ मागे पडला. आता या भागात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत, अंगावर झूल व झालर घालून उभा केलेला. देशात घोडे व तट्टे मिळून 2012 सालच्या पशुगणनेत सुमारे 6 लाख 25 हजार जनावरे होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 3 लाख 40 हजार भरली. जनावरे घटली तशी ती जाणणारी माणसेही घटली. जुना मोतद्दार नुसत्या टापेच्या आवाजावरून कोणता पाय दुखतो हे सांगत असे. अशा जाणकारांच्या अभावाचा पहिला फटका बसतो तो लंगड्या घोड्यास.

वरातीची घोडी लंगडू लागली म्हणजे मालकापुढे मोठा पेच पडतो. लग्नसराईचे दिवस थोडे आणि वर्षाची बरीच कमाई त्यांतच व्हावयाची. मग नालबंदाकडून नवा, अधिक जाड नाल ठोकून घेतला जातो. चार दिवस बरे वाटते व पाय पुन्हा धरतो. शेवटी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणून वरात पार पाडली जाते. यात वेदना झाकली जाते, दोष मात्र वाढत राहतो. वास्तविक, आजारी, लंगड्या वा जखमी जनावरास कामास जुंपणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय दुकानातून मिळेल ते औषध जनावरास देण्यात दुसराही धोका असतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा जनावरांसाठी वापर 2006 सालापासून बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे प्रेत खाऊन गिधाडे मरतात.

असा घोडा टाकून न देता, त्याचे नाल काढून त्यास अन्य बिननाली घोड्यांबरोबर मोकळ्या जागेत ठेवावे व खूर नव्याने वाढू द्यावा, ही पद्धती आता जगात अनेक ठिकाणी रूढ होत आहे. सदरच्या दाट वस्तीत यासाठी जागा नाही. परंतु तेथून काटोल मार्गाने बाहेर पडले की बरड, मुरमाड जमीन लागते. ज्यांचे अशा जागी वावर आहे व ज्यांनी दोनचार घोडे बाळगले आहेत त्यांच्याकडे असा लंगडा घोडा येण्याचा संभव असतो. या कामी बहुतेकांचे सारे लक्ष खुरावर असते. खूर महत्त्वाचा आहेच. पण नवा घोडा सुधारतो की खंगतो हे पुष्कळदा खुरापेक्षा कळपात त्याचे पहिले दोन महिने कसे गेले यावर ठरते. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी होय. लंगड्या घोड्यास आपण पळू शकत नाही हे कळत असते, आणि त्याला रुळविण्याचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

खूर व नाल

घोड्याचा खूर कपाळाइतका निर्जीव दिसत असला तरी त्याच्या आत रक्ताने भरलेले नाजूक पडदे असतात व त्यांच्या आधाराने पायाचे शेवटचे हाड लोंबकळत असते. पाय टेकताना टाचा किंचित फाकतात, तळव्याच्या मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग दाबला जातो व धक्का शोषला जातो. या भागास नालबंद पुतळी म्हणतात. नाल ठोकला की खुराची कड झिजत नाही, पण ही हालचाल काहीशी आखडते. खूर महिन्यास सुमारे 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणजे केसांच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा खूर उतरावयास 9 ते 12 महिने लागतात. टाचेकडील भाग त्याहून लवकर, चारपाच महिन्यांत नवा होतो. ज्यांना महिन्याभरात गुण हवा असेल त्यांनी या वाटेस जाऊ नये.

नाल हा शत्रू आहे असेही समजू नये. डांबरी रस्त्यावर रोज मैलोगणती चालणाऱ्या टांग्याच्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा अधिक झिजतो. त्यास नालावाचून गत्यंतर नव्हते. उलट, सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने घोड्यांवरील ग्रंथात नालाचा उल्लेखही केलेला नाही. घोडा उभा राहतो तेथे गोल दगड पसरावेत, म्हणजे खूर घट्ट होतो, असे तो सांगतो. अमेरिकेतील जेमी जॅक्सन या नालबंदाने 1980 नंतरच्या काही वर्षांत नेवाडाकडील रानटी घोड्यांचे खूर पाहून आपली पद्धती बसविली. पण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेथील रानटी घोडे तपासले तेव्हा त्यांच्याही खुरांत पुष्कळ दोष आढळले. तेव्हा रानटी तेवढे निर्दोष हा समज खरा नव्हे. पांढरा खूर काळ्या खुरापेक्षा मऊ असतो, हा वरातीच्या पांढऱ्या घोड्यांविषयीचा समजही असाच निराधार आहे.

सर्वच लंगडेपणा नाल काढल्याने जात नाही. सांधा झिजला असेल, शीर ताणली असेल किंवा हाड मोडले असेल तर नुसते मोकळे सोडणे हा उपचार नव्हे, हेळसांड होय. म्हणून घोडा आणण्यापूर्वीच त्याचे निदान व्हावयास हवे. सदरला लागूनच सेमिनरी हिल्स येथे 1958 साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तेथील तज्ज्ञांस घोडा दाखवून मगच पुढील विचार करावा. मालकास घरी करण्यासारखी साधी परीक्षा अशी: घोड्यास कठीण, सपाट जमिनीवर सरळ दुलकीने चालवावे. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोके वर उचलतो व चांगला पाय टेकताना खाली झुकवितो. एकाएकी पाय टेकवेनासा झाला तर बहुधा खुरात पू झालेला असतो, किंवा नालाचा खिळा जिवंत भागास लागलेला असतो.

पहिले तीन आठवडे

उदाहरणादाखल अशी एक घोडी घ्यावी. वय बारा वर्षे, वजन सुमारे 300 किलो, पुढचे दोन्ही पाय दुखरे, टाचा आखडलेल्या, पुतळी सडून काळी पडलेली. सहा वर्षे ती वरातीत चालली. उरलेला काळ सिमेंटच्या फरशीवर अगाडी-पिछाडी लावून उभी होती. तिने दुसऱ्या घोड्याशी मोकळेपणी संगत केल्यास कित्येक वर्षे झाली आहेत. अशी घोडी गाडीतून उतरल्याबरोबर पाच घोड्यांच्या कळपात सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक होय, आणि दुर्दैवाने ती चांगल्या हेतूनेच केली जाते.

प्रथम किमान 21 दिवस तिला वेगळे ठेवावे. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसासही होतो व त्यावर घोड्यांत उपचार केला जात नाही. 2009 च्या केंद्रीय अधिनियमाखाली तो कळविणे बंधनकारक आहे व रोग ठरल्यास जनावर दयामरणाने नष्ट करावे लागते. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी व फुटणारे व्रण ही त्याची लक्षणे. परंतु वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावरातही तो असू शकतो. म्हणून रक्त तपासून घेतल्यावाचून कळपात मिसळू नये. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने या रोगासाठी रक्तजलाची चाचणी विकसित केली आहे. नमुना पशुवैद्यकामार्फतच पाठवावा. जबड्याखाली गाठी येऊन फुटणारा रोग व गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा यांचीही पाहणी व्हावी. धनुर्वाताची लस टोचलेली नसल्यास लगेच टोचावी व महिन्याने दुसरी मात्रा द्यावी. खुराच्या जखमेतून धनुर्वात होतो आणि घोड्याइतका त्यास बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही.

वेगळे ठेवावयाचे म्हणजे एकटे कोंडावयाचे नव्हे. चाळीस-पन्नास पावलांवरून दुसरे घोडे दिसतील अशी सावलीची जागा निवडावी. बादली, खरारा, दावे सर्व निराळे असावे, व तिचे काम कळपाचे काम आटोपल्यावर करावे. पिछाडी मुळीच लावू नये. दररोज सकाळी ताप घ्यावा. निरोगी घोड्याचा तो 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतो. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवून नाडी पाहावी. ती एरवी जेमतेम लागते. ठणठण उडत असेल व खूर ऊन लागत असेल तर आत दाह आहे असे समजावे.

नाल केव्हा काढावे याविषयी घाई नको. घोडी आली त्याच दिवशी प्रवासाने, नव्या जागेने व वेदनेने ती त्रासलेली असते. शिवाय तळवा अंगठ्याने दाबताच दबत असेल तर तो इतका पातळ असतो की नाल काढताच ती पाऊल टाकावयाची नाही. अशा वेळी अगोदर पादत्राणाची सोय करावी. घोड्यांची रबरी पादत्राणे मिळतात. न मिळाल्यास जाड, घट्ट फोमचा तुकडा तळव्याच्या आकारात कापून रुंद चिकटपट्टीने बांधता येतो व तो रोज सोडून पाहावा लागतो. मगच नाल काढावे. प्रत्येक खिळ्याचे वळविलेले टोक कापून, एकेक खिळा सुटा ओढून नाल उतरवावा. कळवीने नाल उपसू नये, त्यायोगे खुराची कड फाटते. काढल्यावर कड कानशीने किंचित गोल करावी व बाकी खुरास हात लावू नये. तळवा खरवडून 'साफ' दिसावा हा नालबंदाचा हट्ट येथे घातक ठरतो. पुढे दर तीनचार आठवड्यांनी थोडेथोडे तासावे. एकदम पुष्कळ तासलेल्या खुराने लंगडेपणा महिनाभर लांबतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

चारा

वरातीच्या घोडीस जिलबी, लाडू व गूळ यांची चटक लागलेली असते. पाहुणे कौतुकाने भरवितात व मालक अडवीत नाही. पिष्ट व साखर अधिक झाली की खुराच्या आतील पडद्यांस सूज येते. या विकारास लॅमिनायटिस म्हणतात. दुखणाऱ्या खुराचे मूळ पुष्कळदा तोबऱ्यात सापडते. तेव्हा गोड पदार्थ बंद करावेत आणि हरभऱ्याची चंदी हळूहळू कमी करून वाळल्या चाऱ्यावर भर द्यावा. 300 किलोच्या घोडीस दिवसाकाठी साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो. चांगले वाळलेले रानगवत सर्वांत उत्तम. जोडीस थोडा कडबा चालेल. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्यास घालू नये, तिने मूत्राशयाचा विकार होऊन मागचे पाय लुळे पडतात. बुरशी धरलेला मका मेंदूस बाधतो. कोंबड्यांच्या खाद्यात कधीकधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते व ते घोड्यास थोडक्या प्रमाणातही प्राणघातक आहे. ती पोती घोड्यांच्या आवाराबाहेर ठेवावीत. घोडी फारच खंगलेली असेल तर भरपूर खावयास घालून लवकर अंग धरविण्याचा मोह टाळावा. उपाशी जनावरास एकाएकी दिलेला भरपूर खुराक मारक ठरतो.

सोबत

तीन आठवडे निर्वेध गेले, रक्ताचा निकाल नकारार्थी आला, म्हणजे घोडीस कळपाशेजारच्या आवारात आणावे. मध्ये पक्के, बांबूचे वा लाकडी कुंपण असावे. काटेरी तार कदापि नको. येथे ती कळपाकडे पाहील, नाकास नाक लावील, किंचाळेल, पुढचा पाय आपटील. त्यात भिण्यासारखे काही नाही. कळपातील कोणता घोडा कुंपणाशी वारंवार येतो व शांत उभा राहतो, कोणता कान मागे पाडून कुंपणावर धावतो, हे या चारपाच दिवसांत मालकाने पाहून ठेवावे. पहिला सोबती याच निरीक्षणावरून निवडावयाचा असतो.

सोबती सहसा वयस्क असावा. आख्ता केलेला शांत घोडा किंवा पोक्त घोडी चांगली. कळपाचा म्होरक्या निवडू नये. तो दुष्ट असतो असे नव्हे, पण नव्या जनावरास जागा दाखवून देणे हे तो आपले काम समजतो. धडधाकट घोडा अशा वेळी दहावीस पावले पळून सुटका करून घेतो आणि प्रकरण तेथेच मिटते. लंगड्या घोडीस ती दहा पावलेच टाकता येत नाहीत. ती कोपऱ्यात उभी राहून लाथा खाते, किंवा दुखऱ्या पायावर धावून आठवड्याची सुधारणा दहा मिनिटांत घालविते. यास्तव प्रथम एकच सोबती, मोठे आवार, दिवसाचा थंड प्रहर व मालकाची हजेरी, एवढ्या गोष्टी जुळून आल्यावाचून दार उघडू नये. त्या दिवशी एकाही घोड्याच्या मागच्या पायास नाल असता कामा नये. नालासकट बसलेली लाथ हाड मोडते.

सोडण्यापूर्वी आवाराचे कोपरे बांबू आडवे बांधून बुजवावेत, म्हणजे कोणी अडकणार नाही. चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एक अधिक घालावेत व त्यांत वीस पावलांचे अंतर ठेवावे. पाण्याची हौद वा टाकी दोन ठिकाणी असावी. एकच हौद असला तर म्होरक्या तेथे उभा राहतो आणि दुबळी घोडी तहानलेली राहते. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात ही गोष्ट जिवावर बेतते. दोघांत चावाचावी झाली तरी लगेच मध्ये पडू नये. कान मागे, एखादी हूल, एक चावा हे त्यांचे बोलणे आहे. मात्र पाठलाग थांबत नसेल, किंवा घोडी घामेजून थरथरत असेल, तर सोबत्यास बाहेर काढावे आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पाहावा.

जोडी जमली की ती आठदहा दिवस तशीच राहू द्यावी. मग तिसरा घोडा, नंतर चौथा. म्होरक्या सर्वांत शेवटी. या वेळेपर्यंत घोडीस एक पाठीराखा मिळालेला असतो, आणि मोठ्या कळपात सोडताना तोच सर्वांहून उपयोगी पडतो. पुढे खूर तासण्यासाठी वा उपचारासाठी तिला बाहेर काढावे लागले तर या सोबत्यासही बरोबर न्यावे. एकटीस नेले की ती आरडाओरड करते, वेदनेचा पाय आपटते, आणि माणूस व वेदना यांचे नाते तिच्या मनात पक्के होते.

झोप

घोडी रुळली की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे व तिच्याकडे बहुधा कोणी लक्ष देत नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो, हे खरे. पण गाढ झोपेसाठी त्यास अंग टाकावेच लागते. आजूबाजूस भय वाटत असेल तर तो अनेक दिवस आडवा होत नाही. मग उभ्याउभ्या गुडघे दुमडून पडू लागतो व पुढच्या सांध्यांस जखमा होतात. तेव्हा पहाटे कळपाकडे जाऊन घोडीच्या कुशीस माती, गवत वा लीद लागली आहे का हे पाहावे. कळपात सामान्यतः एक घोडा उभा राहून राखण करतो व बाकीचे निजतात. ज्या दिवशी नवी घोडी सोबत्याच्या पायाशी पसरलेली आढळेल, त्या दिवशी ती कळपाची झाली असे धरावे. आठवडा उलटूनही कूस कोरडी स्वच्छच दिसत असेल तर एक पायरी मागे जाऊन तिला पुन्हा एका सोबत्याबरोबर ठेवावे. पायाच्या वेदनेमुळेही ती बसण्यास कचरत असेल. म्हणून एका कोपऱ्यात वाळू अथवा तणसाचा जाड थर द्यावा.

जमीन

नागपूरच्या पश्चिमेकडे काळ्या पाषाणाची व मुरमाची जमीन आहे; ती या कामास चांगली. काळी कन्हार मात्र पावसाळ्यात चिखल होते, खूर भिजून मऊ पडतो आणि पुतळी सडते. कन्हार असेल तेथे पाण्याच्या टाकीभोवती व चाऱ्याच्या जागी मुरूम आणि वर बारीक गोल बजरी पसरावी, म्हणजे दिवसातून काही वेळ तरी खूर कोरड्या, टणक जागी राहतो. सबंध वावर मोकळे सोडण्यापेक्षा धुऱ्यालगत चारपाच मीटर रुंदीची वाट कुंपण घालून तयार करावी. चारा एका टोकास, पाणी दुसऱ्या टोकास. कळप चालला की लंगडी घोडीही त्यामागून चालते, आणि माणसाने दोरी धरून चालविण्यापेक्षा हे चालणे तिच्या पायास अधिक मानवते, कारण वेग तिच्या हाती राहतो. प्रारंभी मात्र वाट आखूड ठेवावी. पाण्यापर्यंत जाणे तिला जड जात असेल तर पाणी जवळ आणावे.

दर आठवड्यास एकाच जागी, एका बाजूने तिचे चालणे पाहून वहीत नोंद करावी: टाच आधी टेकते की टोक, पावलाची लांबी किती, डोके किती झुकते, कूस मळली होती का. दुखरी टाच वाचविण्यासाठी घोडा टोक आधी टेकवितो. टाच आधी टेकू लागली म्हणजे पुतळी बरी होत चालली असे समजावे. चार ते पाच महिन्यांत नव्या टाचेवर असा फरक दिसावयास हवा. तो न दिसल्यास क्ष-किरण चित्र काढून निदान पुन्हा तपासावे. काही घोड्यांस शेवटी योग्य रीतीने बसविलेला नालच मानवतो व तो बसविण्यात कमीपणा नाही. जी घोडी मुरमावर स्वच्छंद दुलकी धरील तिला हलके काम देता येईल. मालकाने तिला पुन्हा वरातीस नेण्याचे ठरविलेच, तर डांबरी रस्त्यापुरती रबरी पादत्राणे घालून न्यावे, परतताच ती काढून खूर कोरडा करावा, व रात्री तिला तिच्या सोबत्यापाशीच सोडावे.